पाऊण तासाचा पत्ता

पत्ता विचारला की पत्ता सांगायचा, एवढी साधी गोष्ट त्या माणसाला आयुष्यात जमली नाही.

मयूर विहारमधल्या आमच्या फ्लॅटपासून मीटिंगची खोली बारा मिनिटांवर होती. मार्केटमधून सरळ जायचं, उजवीकडे वळायचं, धर्मादाय दवाखाना लागतो, त्याच्या मागच्या अंगणात खोली. झालं. तेवढ्यासाठी काकांनी मला फुलस्केप कागदावर काळ्या शाईचा नकाशा काढून दिला होता, उत्तर दिशेच्या बाणासकट. त्या नकाशाबरहुकूम पहिल्यांदा गेलो तेव्हा मला पाऊण तास लागला. एप्रिल महिना होता, संध्याकाळी सहालाही डांबर तापलेलं होतं, आणि मी वाटभर त्यांना शिव्या घालत होतो.

काका म्हणजे नात्यातले कोणी नव्हेत. त्या शनिवारीच सकाळी सहा वाजता त्यांनी आमची बेल वाजवली होती. मी दार उघडलं तर समोर साठीच्या पुढचा एक किडकिडीत माणूस, अंगात इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, बगलेत कागदाची सुरळी आणि डोक्यावर विटकरी लोकरीची माकडटोपी. पंखे चालू करायचे दिवस. मला वाटलं हा वेडा आहे. हे मत मी पुढं पूर्णपणे कधीच बदललं नाही.

"आपण?"

"शनिवारच्या मीटिंगचा."

"सोसायटीची मीटिंग? पाण्याच्या टाकीबद्दल असेल तर सेक्रेटरींना भेटा, ते बी ब्लॉकमध्ये राहतात."

"टाकीबद्दल नाही," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल."

मागं स्वयंपाकघरात एकदम शांतता झाली, तेव्हा मला कळलं की फोन कोणी केला होता. बायकोनं तो नंबर तिच्या शाळेतल्या कुणा बाईंकडून मिळवला होता आणि महिनाभर डाळीच्या डब्याखाली ठेवला होता.

मी पीत होतो. हे वाक्य मी दर शनिवारी त्या खोलीत म्हणतो, त्याचं काही वाटत नाही. खोलीबाहेर, ओळखीच्या माणसांच्या हाती पडेल असं, आज पहिल्यांदा लिहितो आहे. पण आज लिहायला बसलो ते त्याकरता नाही. पिण्यापेक्षा वाईट गोष्ट मी पिणं सुटल्यावर केली. ती सांगायची तर आधी काकांचं नकाशांचं खूळ सांगायला हवं.

सरकारच्या नकाशे काढणाऱ्या खात्यात त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून तीस वर्षं काढली होती. अक्षर छापल्यासारखं. त्यांच्या नकाशात दुधाचं बूथ असे, गुरुद्वारा असे, पिठाची गिरणी, वाकलेला विजेचा खांब, सार्वजनिक नळ, सगळं असे. फक्त मधेच कुठं कुठं पांढरे डाग असत. रस्ता सरळ चाललेला असायचा आणि अचानक बिचकल्यासारखा वळून गल्लीत शिरायचा, नाल्याच्या कडेनं जायचा, देवळाच्या मागून निघायचा, आणि मग पुन्हा मूळ जागी यायचा.

पहिल्या दिवशी मी त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवून विचारलं होतं, "इथं काय आहे?"

"काही नाही."

"अहो काका, इथं मार्केट आहे. मी रोज भाजी आणतो तिथून."

"नकाशात नाही."

मार्केटच्या तोंडाशी ठेका होता. ठेका म्हणजे दारूचं सरकारमान्य दुकान. दिल्लीत हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. काकांना सगळ्या पूर्व दिल्लीतले ठेके पाठ होते आणि त्यांतला एकही त्यांच्या नकाशावर नव्हता. नव्या माणसाला मीटिंगला बोलवायचं तर त्याच्या घरापासून खोलीपर्यंत असा रस्ता काढायचा की वाटेत ठेका दिसता कामा नये, त्याचा बोर्डही नाही, आणि बाहेरचा उकडलेल्या अंड्यांचा ठेलाही नाही. हा त्यांचा नियम. त्यासाठी ते आधी स्वतः तो रस्ता चालून यायचे, मग रात्रीच्या जेवणाआधी नकाशा शाईत काढायचे. रस्त्यात कुठं नवं दुकान उघडलं की सगळे नकाशे पुन्हा.

"एवढं कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं. "ज्याला यायचंय तो सरळ रस्त्यानंही येईल."

"दोन किलोमीटर यायला मला नऊ महिने लागले," ते म्हणाले. "दर आठवड्याला निघत होतो. तुम्हाला पाऊण तास लागला तर काय बिघडलं?"

हे त्यांनी स्वतःबद्दल सांगितलेलं जवळजवळ एकमेव वाक्य. त्या नऊ महिन्यांत काय झालं, काकू कधी गेल्या, मी विचारलं नाही. आम्ही दोघंही तसे न विचारणारे.

फरीदाबादचा नकाशा मात्र त्यांना कधी जमला नाही. तिथं कारखान्यांच्या वस्तीत एक गट सुरू झाला होता, आणि हरियाणात तर काय, दर वळणावर ठेका. काकांनी तीन रविवार घालवले. कागद शेवटी इतका पांढरा राहिला की त्यात रस्ता असा उरलाच नाही. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. नव्या माणसाला रेल्वे स्टेशनवर भेटायचं आणि त्याचा दंड धरून चालत न्यायचं, "खाली बघा, खड्डे आहेत," असं म्हणत. मला घेऊन गेले तेव्हा मी सांगितलं, "काका, मला सुटून चार महिने झालेत, मला काही होत नाही." "खाली बघा," ते म्हणाले. खड्डे नव्हतेच. नवाकोरा सिमेंटचा रस्ता होता. आम्ही दोघं सरकारी नोकर भर दुपारी जमिनीकडे बघत चाललो होतो आणि समोरून येणारे लोक आम्हाला वाट करून देत होते, काहीतरी हरवलंय असं समजून.

टोपीलाही त्यांचं कारण होतं. त्यांची मुलगी पानिपतला दिलेली. तिकडं लोकरीला तोटा नाही. तिनं विणलेली ती टोपी. शनिवारी सातच्या आधीपासून काका दवाखान्याच्या फाटकापाशी उभे राहायचे, कारण आमच्या खोलीवर बोर्ड लावायची सोय नव्हती. बोर्ड बघून जो आत शिरतो त्याला बाहेरचेही बघतात. नव्या माणसाला ते फोनवर सांगायचे, "माकडटोपीवाला बघा. जूनमध्ये दिल्लीत माकडटोपी घातलेला माणूस एकच असतो. चुकणार नाही." घामाच्या धारा त्यांच्या मानेवरून बुशशर्टात जायच्या. कोणी सुचवलं की काका, हातात लाल रुमाल धरा, तर म्हणायचे, "रुमाल खिशात जातो."

खोलीत त्यांना सगळे 'नक्शेवाले बाबूजी' म्हणत. तिथं पंधरा-वीस जण, बहुतेक पंजाबी आणि हरियाणवी, कारभार सगळा हिंदीत. माझी हिंदी चांगली आहे, ऑफिसात टिपणं मीच लिहायचो. पाचव्या की सहाव्या मीटिंगला मी उभा राहिलो आणि सुरुवात केली, "परिस्थितियाँ कुछ ऐसी बनीं कि..."

"मराठीत सांगा," कोपऱ्यातून काका म्हणाले.

मी म्हटलं, "इथं मराठी कोणाला कळतं?"

"म्हणूनच."

मी चिडून मराठीत बोलायला लागलो. आणि मराठीत 'परिस्थिती' हा शब्द तोंडातून निघेना. निघालं ते हे, की मी पाच वर्षांच्या मुलीला स्कूटरवर पुढं उभी करून आणत होतो आणि तिच्या हनुवटीवर चार टाके आहेत. लोक मन लावून ऐकत होते. ट्रान्सपोर्टचा धंदा असलेले एक सरदारजी होते, ते नंतर चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाले, "समझ तो कुछ नहीं आया जी। पर पहले वाला भाषण था।"

काकांचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. कोणीही काही सोयीचं सुचवलं की ते म्हणायचे, "अक्कल वापरू नका. आपल्या अकलेनंच आपल्याला इथं आणलंय." मीटिंगची वेळ अर्धा तास पुढं घेऊ या? अक्कल वापरू नका. नकाशाची झेरॉक्स काढून ठेवू या? अक्कल वापरू नका, रस्ता बदलतो. अशा माणसाबरोबर दर शनिवार काढायचा म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. घरी फोन आला की बायको रिसीव्हरवर हात ठेवून म्हणायची, "अहो, तुमचे टोपीवाले." मी हातानंच 'नाही म्हणून सांग' असं खुणवायचो. ती फोन माझ्या कानाला लावायची.

मला सुटून दीड वर्ष झालं होतं. सप्टेंबरातला एक शनिवार. काकांना मुलीकडं पानिपतला जायचं होतं, सकाळी जाऊन रविवारी परत. गटाचा फोन म्हणजे त्यांच्या घरचाच फोन. त्यांनी मला किल्ली दिली आणि समोर बसवून समजावलं. चार ते पावणेसात फोनपाशी बसायचं. मग टोपी घालून फाटकापाशी. फोन आला तर माणूस कुठून बोलतोय ते विचारायचं, वहीत त्या पॉकेटचं, म्हणजे त्याच्या वसाहतीचं, पान काढायचं आणि रस्ता वाचून दाखवायचा.

"जसाच्या तसा," ते म्हणाले.

"हो."

"स्वतःचं काही घालायचं नाही."

"काका, मी अवर सचिवांना नोट्स काढून देतो."

"तेच म्हणतोय."

ती वहीही सांगायला हवी. जाड, लांबट, सरकारी पद्धतीची, रेघा हातानं आखलेल्या. तारीख, वेळ, कुठून, कोण, आणि शेवटचा रकाना 'पोचले'. मागच्या अर्ध्यात एकेका पॉकेटचा रस्ता शब्दांत लिहिलेला.

सहा पस्तीसला फोन वाजला. एक जण खोकत हिंदीत म्हणाला, "वो... शनिवार की मीटिंग का नंबर यही है?" मागं कुकरची शिट्टी झाली, आणि मुलीचा आवाज आला, "बाबा, वेळ विचारा ना."

मी मराठीत म्हटलं, "सात वाजता असते."

"मराठी का तुम्ही? बरं झालं," ते म्हणाले. "मी सांगलीकडचा. बदलीवर आलोय, तीन वर्षं झाली. मुलगी दहावीला आहे, तिनंच नंबर फिरवून दिला. तिला म्हटलंय आज जाऊन येतो."

मी पॉकेट विचारलं. पान काढलं. सतरा ओळी. मी नजर फिरवली: बूथपासून डावीकडे, नाल्याच्या कडेनं पुलापर्यंत, शाळेची मागची भिंत, पिठाची गिरणी, देवळामागून. तास लागला असता. घड्याळात सहा अडतीस. मीटिंग सातला. पहिल्याच दिवशी माणूस घामाघूम होऊन अर्धी मीटिंग संपल्यावर येणार, सगळे वळून बघणार, आणि हा परत कशाला येईल? मला अजूनही वाटतं की त्या विचारात वावगं काही नव्हतं. कुठल्याही समजूतदार माणसानं हाच विचार केला असता.

मी म्हटलं, "हे बघा, तुम्ही सरळ या. मार्केटमध्ये शिरा, ठेक्याच्या समोरून उजवीकडे वळा, दोनशे पावलांवर दवाखाना."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली. मग ते म्हणाले, "कुठल्या दुकानासमोरून?"

"ठेका. मोठा बोर्ड आहे, दिवे असतात. चुकणार नाही."

ते खोकले. "शनिवारी चालू असतं का ते?"

"असतं."

"दुसरा रस्ता नाही का?"

"आहे," मी म्हटलं, "पण फार लांबचा आहे. उशीर होईल तुम्हाला."

"बरं," ते म्हणाले. "बरं, येतो." आणि मागं मुलगी काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही.

मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. टोपी खुंटीवरच ठेवली होती. ओळखीचं कोणी बघेल म्हणून. सात झाले. सव्वासात झाले. आत गेलो. दर वेळी दार किलकिलं झालं की मान वळवायचो. साडेआठला मीटिंग संपली.

वहीत नोंद करायला काकांच्या घरी जायचं होतं, ते सरळ मार्केटमधून. ठेक्याबाहेर शनिवारची गर्दी. बाजूच्या बंद दुकानाच्या पायरीवर पन्नाशीचा एक माणूस बसला होता, इस्त्रीचा फुल शर्ट, भांग पाडलेला, जसे आपण कुठं पहिल्यांदा जायचं असलं की तयार होतो तसा. त्याच्या पायाशी कागदी पिशवी होती. तेच असतील असं काही नाही. दिल्लीत इस्त्रीचा शर्ट कोणीही घालतं. "सांगलीचे का तुम्ही?" एवढंच विचारायचं होतं. मी दोन पावलं थांबलो आणि पुढं गेलो.

काकांचं दार उघडत होतो तेव्हा आत फोन वाजत होता. मी टेबलापाशी उभा राहिलो. बराच वेळ वाजला, थांबला, आणि परत वाजायला लागला. कोणाचा असेल ते मला समजलं होतं. दहावीतल्या मुलीला काय सांगायचं असतं? मी उचलला नाही. वही उघडली, तारीख घातली आणि पुढं लिहिलं, 'फोन नाही.' मग घरी जाऊन वांग्याची भाजी आणि पोळी खाल्ली.

रविवारी काका आले. "कोणी?" "कोणी नाही." त्यांनी वही बघितली, माझं अक्षर वाकडं आहे असं म्हणाले, आणि खाली रेघ मारली.

आता एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती इथं नाही लिहिली तर मग कुठंच लिहिणार नाही. सुटल्याच्या तिसऱ्या महिन्यात, एका शनिवारी, मी स्वतः नाल्याच्या वाटेला कंटाळून सरळ रस्त्यानं गेलो होतो. बारा मिनिटांचा रस्ता. त्या ठेक्यासमोरून उजवीकडे वळायचं होतं, ते मी वळलो नाही. नंतर तोंडात वेलदोडे टाकून मीटिंगला गेलो, मागच्या खुर्चीवर बसलो, आणि 'मला आज नव्वद दिवस झाले' असं सांगून टाळ्या घेतल्या. तेव्हा त्या कोपऱ्यावर काय होतं, हे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. ते मला दिल्लीत इतर कोणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. आणि फोनवर एका माणसानं दुसरा रस्ता विचारला, तेव्हा मी त्याला म्हणालो की उशीर होईल.

दोन वर्षं मी गप्प राहिलो. नकाशांवर पूर्वीसारखाच वैतागत होतो, किंबहुना जास्तच. मग काकांच्या गुडघ्यांनी संप केला आणि मुलीनं त्यांना पानिपतला न्यायचं ठरवलं. त्यांच्या शेवटच्या शनिवारी ते खोलीत उभे राहिले, माझ्याकडे बोट केलं आणि हिंदीत म्हणाले की वही आता ह्यांच्याकडे राहील, ह्यांच्या हातून एकही फोन वाया गेलेला नाही. सरदारजींनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मीटिंग सुटल्यावर फाटकाशेजारच्या बाकावर मी त्यांना सगळं सांगितलं. मराठीत. रस्ता, खोकला, कुकर, पायरीवरचा माणूस, वाजणारा फोन. वेलदोडेही.

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा पाठीवर हात ठेवतील. दोन्हीपैकी काही झालं असतं तरी मी सुटलो असतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, वही मांडीवर उघडली आणि ते पान शोधलं.

"किती वाजता आला फोन?"

"सहा पस्तीस."

"पॉकेट?"

मी सांगितलं. त्यांनी 'फोन नाही' वर एक बारीक रेघ मारली आणि वर लिहिलं. सांगलीकडचे गृहस्थ. खोकला. मुलगी दहावीत. मग शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबवलं.

"नाही लिहा," मी म्हटलं.

"नाही कसं लिहू? अजून आले नाहीत."

आणि तो चौकोन कोरा ठेवून त्यांनी वही मिटली.

"तुम्ही स्वतः त्या कोपऱ्यावर थांबला होतात म्हणता," ते म्हणाले. "मग सांगितलंत कसं?"

"त्यांना उशीर झाला असता," मी म्हटलं.

"अक्कल वापरलीत," ते म्हणाले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. ओलसर होती. "पुढच्या शनिवारपासून फाटकापाशी सरदारजी उभे राहतील. तुम्ही ठेक्यासमोर."

"काका, तिथं आमच्या ऑफिसचे लोक येतात. गणपती मंडळाचे लोक भाजीला येतात."

"येऊ देत."

"किती दिवस?"

"ते येईपर्यंत."

"अहो, त्यांची बदली झाली असेल एव्हाना."

"मग दुसरं कोणी येईल. तुम्हाला काय, उभंच राहायचंय."

असा तो माणूस. मी दोन वर्षं जी गोष्ट उराशी धरून ठेवली होती, तिच्यावर त्यांनी मला ड्यूटी लावून दिली.

मी उभा राहायला लागलो. साडेसहा ते सव्वासात, ठेक्याच्या समोरच्या फुटपाथवर, डोक्याला विटकरी माकडटोपी. दिल्लीत मराठी माणसाला लपायला जागा नसते. तिसऱ्याच आठवड्यात मंडळाच्या खजिनदारांच्या बायकोनं मला बघितलं. त्या गणपतीत आरतीला माझ्या हातात तबक देताना लोक माझ्या तोंडाचा वास घेत होते.

बायको एके दिवशी म्हणाली, "अहो, मंडळातल्या वहिनी विचारत होत्या तुमच्याबद्दल. ठेक्यापाशी दिसलात म्हणे."

"मग? काय सांगितलंस?"

"सांगितलं, हो, तिथंच उभे असतात. दर शनिवारी."

"असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? मेट्रोत असतात?"

तोवर मेट्रोचे खांब उभे राहायला लागले होते. आमच्या भागात ती अजून आलेली नव्हती.

लोक माझ्यापाशी थांबत, ते टोपीमुळं. "अंकल, गर्मी नहीं लगती?" मी म्हणायचो, लगती है. "फिर उतारो।" नहीं उतार सकता. "क्यों?" एका माणसाशी यावरून वीस मिनिटं वाद झाला. त्याला टोपी काढायला लावायचीच होती. त्याच्या हातात पैसे मुठीत धरलेले होते, ते घामानं भिजले, आणि तोवर सव्वासात वाजले. मी म्हटलं, मला आता जायचंय, वाद पुरा करायचा असेल तर बरोबर या. तो आला. आजही येतो आणि आजही म्हणतो की टोपी घालणं मूर्खपणाचं आहे. असे आणखी काही. फार नाहीत. सांगलीचे कोणी नाहीत. मी प्रत्येकाचं गाव विचारतो.

काका पानिपतला गेल्यावर तीन हिवाळे काढून गेले. मी भेटायला जायचो तेव्हा विचारायचे, "आले का?" मी नाही म्हणायचो. "अजून नाही म्हणा," ते म्हणायचे. शेवटच्या खेपेला त्यांनी मला स्टँडपासून त्यांच्या घरापर्यंतचा नकाशा पाठवला होता. अर्थातच लांबचा. मी त्याच रस्त्यानं गेलो.

ठेका नंतर तीनदा हलला. तो हलला की मी नकाशे पुन्हा काढतो, आणि मीही हलतो. माझं अक्षर अजून वाकडंच आहे. आता गटात नवी मुलं आली आहेत, नोएडात नोकऱ्या करणारी, शहाणी मुलं. नव्या माणसाचा फोन आला की ती म्हणतात, अंकल, लोकेशन भेज दो ना. मी म्हणतो, लोकेशन सरळ रस्ता दाखवतं. परवा एक जण कपाळाला हात लावून म्हणाला, "अंकल, बंदे ने एड्रेस पूछा है, तीर्थयात्रा नहीं।" मी त्याला म्हटलं की अक्कल वापरू नकोस. त्यानं माझ्याकडे जसं बघितलं, तसा चेहरा मी ओळखतो. तो कित्येक वर्षं माझाच होता.

वहीतला तो चौकोन कोरा आहे.

सांगलीच्या गृहस्थांनी हे वाचलं, किंवा त्यांच्या मुलीनं, जी आता पस्तिशीची असेल, तर त्यांच्यासाठी एवढंच. तुम्ही त्या दिवशी दुसरा रस्ता विचारला होतात. आहे. घरातून निघालात की दुधाच्या बूथपर्यंत या आणि डावीकडे वळा. मग नाल्याची कड धरा, वास येतो, पण धरा. पूल आला की उतरू नका, शाळेच्या मागच्या भिंतीनं चला. पिठाची गिरणी बंद झाली, तिथं आता शिंपी बसतो. त्याच्या उजव्या हाताला देऊळ, देवळाच्या मागून अंगण. तास लागेल. उशीर होईल तुम्हाला. मीटिंग सुरू झालेली असेल, लोक वळून बघतील. बघू देत.

आणि चुकून सरळ आलात, तर ठेक्याच्या समोर माकडटोपीवाला उभा आहे.